एक खाच खाली

ऑफिसात त्याला सगळे मिलिमीटर म्हणायचे, आणि त्याला ते आवडायचं. हे नाव चिडवायला ठेवलंय हे त्याच्या लक्षात यायला बरीच वर्षं गेली, तोवर ते अंगवळणी पडलं होतं. कॅन्टीनचं टेबल डुगडुगायला लागलं की दुसरा कोणी कागदाची घडी करून पायाखाली सारतो आणि जेवायला लागतो. हा आधी खाली वाकायचा, कोणता पाय किती आखूड आहे ते सांगायचा, आणि तोवर बाकीच्यांचं जेवण उरकलेलं असायचं. बायको शेजारणीला सांगायची, "ह्यांना फोटो टांगायला सांगू नये. टांगून होईपर्यंत फोटोतली माणसं म्हातारी होतात."

असल्या काटेकोर माणसाने अख्ख्या शहराची जमीन एक वीत खाली बसवली. आता तो स्वतःच ही गोष्ट रंगवून सांगतो आणि ऐकणाऱ्याच्या आधी स्वतःच हसतो. घडत होती तेव्हा मात्र त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

झालं असं की नगरपालिकेने शहराचा नवा उंचीचा नकाशा करायला घेतला. नदी दर दोन-चार वर्षांनी बाहेर यायची, तेव्हा पाणी कुठवर येईल याची पूररेषा एकदा नीट आखायची होती. त्यासाठी एका कंपनीचं विमान शहरावरून फिरलं, खाली प्रकाशाचे किरण सोडत गेलं, आणि त्यावरून शहरातल्या दर चौकोनी तुकड्याची उंची कॉम्प्युटरात उतरली. पण विमानाला वरून जे दिसतं ते सगळंच जमीन नसतं. झाडाचा शेंडा, गच्चीवरची टाकी, उभा ट्रक, सगळं त्याला सारखंच. ते सगळं वजा करून कंपनी म्हणते, ही घ्या जमीन. ती खरंच जमीन आहे का, आणि आहे तर किती खरी, हे तपासायला कुणीतरी पायी जाऊन जमिनीवर उभं राहावं लागतं. तो कुणीतरी म्हणजे मिलिमीटर.

काम ऐकायला सोपं. एक सरळ पोल, त्याच्या डोक्यावर उपग्रहांशी बोलणारा रिसीव्हर आणि हातात एक छोटं यंत्र. मोकळ्या जागी पोल उभा करायचा, रीडिंग घ्यायचं. यंत्र पोलच्या डोक्याची उंची काढतं, त्यातून पोलची लांबी वजा करतं, आणि उरते ती पायाखालची जमीन. शहरभर अशी रीडिंग घ्यायची आणि त्याच जागांना नकाशा काय म्हणतो ते शेजारी मांडायचं. फरक चार बोटांच्या आत राहिला तर नकाशा पास.

आता एक नाजूक मुद्दा. मिलिमीटर बुटका होता. थोडा नव्हे, चांगला बुटका. लग्न ठरताना त्याने उंची सांगितली ती बुटांसकट, आणि ते बूटही जाड टाचांचे. विमानाने टाकीसकट गच्ची मोजावी तशी. लग्नानंतर बायकोने त्याला पहिल्यांदा अनवाणी पाहिलं तेव्हा ती फक्त "अच्छा" म्हणाली. त्या एका शब्दाने तो इतका खजील झाला की पुढे घरातही जाड तळव्याच्या सपाता घालायला लागला. बूट का एवढे जाड, असं कुणी विचारलंच तर उत्तर तयार असायचं, "साइटवर चिखल असतो."

पोल पुरा उंच केला की दोन मीटर व्हायचा. रिसीव्हर जुना, त्याचं बटण वरच्या कडेला. मापाच्या माणसाला ते हात वर केला की सापडायचं. याला चवड्यांवर उभं राहावं लागे, मग पोल कलंडे, मग पोल सरळ करावा तर बटण निसटे, आणि रस्त्यावरची शाळकरी पोरं थांबून बघत. म्हणून फार वर्षांपूर्वी त्याने एक युक्ती काढली. पोलला खाचा होत्या, तो एक खाच खाली घ्यायचा. खाच म्हणजे एक वीत. हातातल्या जुन्या यंत्रात त्याने त्या मापाची लांबी एकदाच भरून टाकली, कुणी बघत नसताना. हिशेब चोख, अब्रू शाबूत. मग वर्षं गेली. पोल हातात आला की त्याचा अंगठा आपोआप खिटी दाबून एक खाच उतरवायचा, जसा माणूस बोलता बोलता चष्मा सारखा करतो. आपण असं काही करतो हेसुद्धा तो विसरला. लपवाछपवी त्याने इतकी मन लावून केली होती की ती त्याची त्यालाच सापडेनाशी झाली.

या नकाशाच्या कामाला ऑफिसने नवं यंत्र घेतलं. नवं यंत्र चालू केल्यावर फार प्रश्न विचारायचं. भाषा कोणती, तारीख बरोबर आहे का, पोल दोन मीटर आहे ना. मिलिमीटर हो, हो, हो करत पुढे गेला.

साहेबांनी नियम केला होता की रोज सकाळी ऑफिसच्या दारातल्या पितळी खुंटीवर रीडिंग घेऊन यंत्र तपासायचं, कारण त्या खुंटीची उंची पक्की माहीत होती. नियम चांगला होता. फक्त दारात पोल धरायचा ड्रायव्हर, कारण मिलिमीटरला यंत्राच्या पडद्याकडे बघत भुवया उंचावायला आवडायचं. ड्रायव्हर चांगला उंच, तो पोल पुरा वर काढायचा. खुंटीचं रीडिंग रोज बरोबर यायचं. मग गाडी गल्लीत जायची, ड्रायव्हर गाडीत पेपर वाचत बसायचा, आणि मिलिमीटरचा अंगठा आपलं काम करायचा.

याच काळात ताईच्या घराचं घाटत होतं. ताई त्याची थोरली बहीण. नदीकडच्या गल्लीत तिचं शिवणकामाचं दुकान, मागे राहायची खोली. भावजी गेल्यापासून ती एकटीच. भाची आणि जावई परगावी होते, पण आता दोघांनाही इथे नोकरी मिळत होती आणि छोट्या नातीला घेऊन ते यायला तयार होते. अडचण जागेची. दुकानावर एक मजला चढवला की सगळे मावणार होते. गवंडी ठरला होता. नगरपालिका म्हणाली, नवी पूररेषा येऊ द्या, घर तिच्या वर असेल तर परवानगी, खाली असेल तर जुनं आहे तेवढंच ठेवा.

"तू काळजीच करू नकोस," मिलिमीटर ताईला म्हणाला. "नकाशा तपासतोय कोण?"

"तू," ताई मशीनवरून मान वर न करता म्हणाली. तिला भावाचं कौतुक होतं, पण टीप चुकवून कौतुक करणारी ती नव्हे.

त्याने ऑफिसातही सगळ्यांना सांगितलं की ताईचं घर त्याच गल्लीत आहे, आपण तिथेही पॉइंट घेतलाय, आणि नात्यागोत्याचा आपल्या रीडिंगवर केसाएवढाही परिणाम होत नाही. कुणी विचारलं नव्हतं. पुढे हे सगळं त्याच्याच अंगाशी आलं.

पॉइंट संपले, आकडे जुळवले, आणि नकाशा नापास झाला. जवळजवळ सगळीकडे नकाशातली जमीन मिलिमीटरच्या जमिनीपेक्षा वीतभर वर. मिलिमीटर हरखून गेला. केवढी मोठी कंपनी, केवढं विमान, आणि चूक पकडली कुणी? आठवडाभर तो कॅन्टीनमध्ये विमानाच्या गमती सांगत होता. साहेबांना घाई होती. ते म्हणाले, पुन्हा विमान उडवायला नको, फरक सगळीकडे सारखाच आहे तर अख्खा नकाशा वीतभर खाली घ्या आणि पूररेषा आखा.

नकाशा खाली घेतला तशी नदीकडची आणखी दोन गल्ल्यांमधली घरं रेषेच्या आत गेली. त्यांतली एक गल्ली ताईची.

हे सांगायला तोच गेला. त्याला वाटलं होतं ताई भांडेल, मग तो तिला शांतपणे विज्ञान समजावून सांगेल. त्याने वाटेत वाक्यंही जुळवली होती. ताईने कात्री खाली ठेवली.

"तूच मोजलंस ना?"

"मीच."

"मग बरोबरच असणार." तिने फोन उचलला आणि गवंड्याला सांगितलं की येऊ नका. मग भाचीला लावला. "अगं, जमत नाहीये. नाही, मामानेच मोजलंय. तुम्ही तिकडेच बघा आता." एवढं बोलून ती पुन्हा कापडाकडे वळली. छोटीच्या खोलीसाठी घेतलेलं पिवळं पडद्याचं कापड कपाटावर गुंडाळून ठेवलेलं त्याला दिसलं. जुळवलेली वाक्यं तशीच परत घेऊन तो निघाला. तिने विश्वास ठेवला नसता तर बरं झालं असतं, असं त्याला घरी जाईपर्यंत वाटत राहिलं.

अहवाल लिहायचं काम आकडेवाल्या बाईंकडे होतं. साहेबांना अहवालात एकच आकडा लागायचा, चुकांचे वर्ग करून सरासरी काढतात तो. त्यात वजा-अधिक सगळं पुसलं जातं आणि चूक किती एवढंच उरतं. बाई मात्र साध्या वजाबाकीचा कागदही जवळ ठेवायच्या. तो घेऊन त्या मिलिमीटरच्या टेबलापाशी आल्या.

"चुका कशा, थोड्या वर, थोड्या खाली अशा पडतात," त्या म्हणाल्या. "या सगळ्या एकाच बाजूला आहेत, आणि सगळ्या वीतभरच. ही चूक वाटत नाही हो. कुणाची तरी सवय वाटते."

"विमानाची असेल."

"विमानाची असती तर बागेतही दिसली असती. बागेतले तुमचे सगळे पॉइंट नकाशाशी तंतोतंत जुळतायत."

बाग. त्या दिवशी त्याचा पाय मुरगळला होता आणि ड्रायव्हरने पोल धरून सगळे पॉइंट घेतले होते, हा बाकावर बसून सूचना देत होता. मिलिमीटरला एकदम उलगडा झाला. म्हणजे ड्रायव्हरने घोळ घातला. नवशिक्याच्या हाती काम दिलं की असंच होतं. तो तावातावाने खाली पार्किंगमध्ये गेला.

"बागेत पोल कसा धरला होतास तू?"

"तुम्ही धरता तसाच," ड्रायव्हर म्हणाला. "फक्त तुम्ही तो एक खाच खाली करून ठेवला होता, तो मी वर घेतला. नाहीतर रिसीव्हर सारखा माझ्या तोंडापुढे येतो."

पायाखालची जमीन सरकणं म्हणजे काय ते मिलिमीटरला त्या क्षणी कळलं, आणि वीतभरच सरकली याचीही त्याला खात्री होती. त्याने पोल हातात घेतला. अंगठा खिटीवर गेला, पोल खट्‌कन एक खाच उतरला. तो स्वतःच्या अंगठ्याकडे बघत राहिला.

खरं सांगायचं तर तो लगेच साहेबांकडे गेला नाही. आधी त्याने जिन्यात उभं राहून असा रस्ता शोधला की चूक दुरुस्त व्हावी आणि कारण कळू नये. यंत्राची सेटिंग बिघडली म्हणावं. पोल झिजला म्हणावं. पोल वीतभर झिजायला किती शतकं लागतील याचा हिशेब तो करायलाही लागला. मग त्याला गवंड्याशी बोलणारी ताई आठवली. मामानेच मोजलंय. तो वर गेला.

साहेबांनी ऐकून घेतलं आणि पेन खाली ठेवलं. "म्हणजे नकाशा बरोबर, तुमची रीडिंग चूक."

"हो साहेब."

"आणि रीडिंग चूक ठरली की पूररेषा परत मागे जाते. तुमच्या ताईंचं घर सुटतं. ताईंचं घर त्या गल्लीत आहे हे तुम्हीच सांगितलं होतं ना?"

"सगळ्यांनाच सांगितलं होतं," मिलिमीटर म्हणाला. त्याला स्वतःची जीभ हासडावीशी वाटली.

"ड्रायव्हर तुमचाच माणूस, तो काय तुम्ही सांगाल ते बोलेल. मला एक सांगा, पोल पुरा उंच होतो. कुठलाही शहाणा माणूस तो पुरा उंच करूनच वापरेल. तुम्ही मुद्दाम खाली कशाला घ्याल?"

इथे त्याला गप्प बसता आलं असतं. वय झालं, चूक झाली, असं काहीतरी पुटपुटता आलं असतं. साहेबांना संशय राहिला असता, रेषा होती तिथे राहिली असती, आणि त्याची टाच जाडच्या जाड राहिली असती.

"दाखवतो," तो म्हणाला. "खाली चला."

ऑफिसच्या दारात, पितळी खुंटीपाशी, साहेब आणि आकडेवाल्या बाई उभ्या राहिल्या. ड्रायव्हरने पोल पुरा उंच करून दिला. वरच्या खिडक्यांत एकेक डोकं दिसायला लागलं, कारण साहेब पार्किंगमध्ये उतरणं ही नेहमीची गोष्ट नव्हती. मिलिमीटर खाली बसला आणि बुटांच्या नाड्या सोडायला लागला.

"बूट कशाला?" साहेबांनी विचारलं.

"यांच्यामुळे माप चुकतं," तो म्हणाला.

तो उठून उभा राहिला तेव्हा साहेबांची नजर आधी जिथे त्याचा चेहरा असायचा तिथे गेली, आणि मग खाली आली. उजव्या मोज्याला अंगठ्यापाशी भोक होतं. इतकी वर्षं बुटात दडलेला तो अंगठा सगळ्या ऑफिसने पाहिला. त्याने खुंटीवर पोल टेकवला आणि बटणाला हात घातला. पोचला नाही. चवड्यांवर उभा राहिला, तेव्हा बोटं रिसीव्हरच्या कडेला लागली आणि पोल कलंडला. त्याने पुन्हा केलं. पोल पुन्हा कलंडला. तिसऱ्यांदा त्याने एक हात पोलला गुंडाळला आणि उडी मारली. ती उडी अजूनही कॅन्टीनमध्ये करून दाखवतात, आणि सगळ्यात चांगली तोच करून दाखवतो.

मग त्याने खिटी दाबली, पोल एक खाच उतरवला आणि बटण सहज दाबलं. आकडेवाल्या बाईंनी पडदा वाचला. "खुंटी वीतभर खाली गेली," त्या म्हणाल्या.

कुणी हसलं नाही. हसले असते तर त्याला सोपं गेलं असतं. साहेबांनी त्या बुटांकडे बघितलं.

"म्हणजे तुम्ही सगळं शहर तुमच्या मापाचं केलंत," ते म्हणाले. "एक स्टूल मागितलं असतंत तर दिलं नसतं का आम्ही?"

मिलिमीटरने बूट उचलून हातात घेतले.

पॉइंट पुन्हा घेतले गेले. साहेबांच्या हुकमाने पोल दुसऱ्या ऑफिसातल्या माणसाने धरला, आणि मिलिमीटरने यंत्रापासून रस्त्याच्या पलीकडे उभं राहायचं असं ठरलं. ताईच्या गल्लीत तो पलीकडच्या भिंतीला टेकून, शिक्षा झालेल्या पोरासारखा, पातळ चपला घालून उभा होता. नकाशा पास झाला. रेषा नदीकडे मागे सरकली. ताईचा उंबरा रेषेच्या वर राहिला, पण बोटभरच.

"बोटभर म्हणजे काही फार नाही," तो ताईला म्हणाला. फुशारकी मारायची सोय आता उरली नव्हती, तेव्हा त्याने खरं ते सांगितलं. "नकाशाच चार बोटांनी इकडेतिकडे असू शकतो. परवानगी मिळेल, पण पाणी कागद वाचत नाही. छोटीला वरच्याच मजल्यावर झोपवा. मशीन चौथऱ्यावर चढवून घे."

"घेते," ताई म्हणाली. गवंड्याला तिने पुन्हा बोलावलं होतं. पिवळं कापड कपाटावरून खाली आलं होतं आणि मशीनवर अर्धं शिवून झालं होतं. "तू आधी इथे स्टुलावर चढ."

"का?"

"पँट लोळतेय खाली. झाडू मारत आलास गल्लीतून."

तो स्टुलावर चढला. ताई तोंडात टाचण्या धरून खाली बसली आणि कापड दुमडायला लागली. तिने टेप काढली नाही. दोन्ही पायांना दोन बोटं दुमडलं आणि टाचण्या लावल्या. मिलिमीटरने वाकून बघितलं. कापड पावलाला नेमकं टेकत होतं, माप घेऊनही याहून बरोबर आलं नसतं.

"तुला कसं कळलं किती घ्यायचं?"

"तुझ्या पँटी आजवर शिवल्या कुणी?" ताई तोंडातल्या टाचण्या काढून म्हणाली. "तुझं माप घ्यायचं, वर दोन बोटं बुटासाठी सोडायची. कॉलेजात गेलास तेव्हापासून."

म्हणजे ताईला सगळं माहीत होतं. तिने प्रत्येक पँट त्याच्या खोट्या उंचीला शिवून दिली होती, आणि एका शब्दाने कधी बोलली नव्हती. आणि त्याच ताईने, तूच मोजलंस ना, मग बरोबरच असणार, म्हणून गवंड्याला परत पाठवलं होतं. स्टुलावर उभं असल्यामुळे तोंड लपवायला जागा नव्हती.

"मग कधी बोलली का नाहीस?"

ताईने वर बघितलं. स्टुलामुळे तिला बरीच मान वर करावी लागली.

"बूट घातलेस की मान ताठ करून चालायचास," ती म्हणाली. "बघायला बरं वाटायचं मला."

मग तिने दुसऱ्या पायाची टाचणी पक्की केली आणि त्याला म्हणाली, खाली उतर आता, मला हा पडदा पुरा करायचाय, आणि जाताना स्टूल बरोबर घेऊन जा, ऑफिसात लागेल तुला.